शिक्षेचा रकाना

मला उभं केलं ते भोपाळच्या अवधपुरीतल्या चाकवाल्या काकांनी, हे आधी सांगून टाकते. पुढे जे लिहिणार आहे त्यात राग फार आहे, आणि त्यातला बराचसा खुद्द काकांवरचा आहे. वाचणाऱ्याला वाटायचं, ही बाई उपकार विसरली. विसरलेली नाही. रोज सकाळी शटर वर करताना आठवण होते आणि त्याच वेळी दातही खाते.

काका सायकलची चाकं बांधायचे. सायकल नाही, फक्त चाकं. तीही जुन्या रेसर सायकलींची, वाकड्या हँडलच्या, पातळ टायरच्या. कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे पंचवीस-तीस वर्षं प्रचंड वजनाच्या फिरत्या भागांचा तोल बघायचं काम केलं, आणि घरी बसल्यावर तेच वेड सायकलच्या चाकावर उतरलं. हॉलमध्ये पंख्याच्या दोन्ही बाजूंना चाकं टांगलेली, पलंगाखाली रिंगा, देवघराशेजारच्या कोनाड्यात तारांच्या जुड्या. लोणच्याच्या बरणीत चाकात बसवायचे पोलादी छर्रे. काकू मुलीच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेल्या आणि तिथूनच निरोप पाठवला, "चाकं जातील तेव्हा येईन." ते बाळ एव्हाना शाळेत जायला लागलं होतं.

मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले तेव्हा भोपाळला येऊन मला चार महिने झाले होते. नवरा ठेकेदाराकडे वेल्डिंगला, आमची एक खोली बाग सेवनियात. गाव यवतमाळच्या पुढे, बस बदलत बदलत जावं लागतं असं. मला तेव्हा सगळ्याची धास्ती असायची. भाजीवाल्याच्या हिंदीची, फाटकावरच्या चौकीदाराची, काम सुटेल याची. त्यामुळे कोणी काहीही म्हटलं की माझ्या तोंडून एकच शब्द निघायचा. चालेल.

पहिल्या दिवशी काकांनी नमस्कार केला नाही, नावही विचारलं नाही. फाटकात आले, माझी सेकंडहँड सायकल मागून उचलली, चाक फिरवलं आणि कान लावून उभे राहिले.

"मागच्या चाकात तीन तारा मेलेल्या आहेत. किती दिवस झाले?"

"घेतली तेव्हापासून असंच आहे. चालतंय काका."

"चालतं!" काका ओरडले. समोरच्या घरातल्या बाई गॅलरीत आल्या. "प्रेतसुद्धा चालतं बाई, चौघांच्या खांद्यावर! म्हणून त्याला जिवंत म्हणायचं का? मूर्ख आहात तुम्ही."

मूर्ख आणि तुम्ही. एवढं त्यांचं होतं. कितीही शिव्या दिल्या तरी अहो-जाहो कधी सुटलं नाही. मी डोळे पुसत आत गेले. समोर जी बाटली दिसली तिच्यातलं तेल कढईत ओतलं आणि वांग्याची भाजी फोडणीला टाकली. वासावरून कळलंच, जवसाचं तेल. आमच्याकडे जवसाचं तेल खातात, त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, भोपाळात कोणीतरी आपलं आहे म्हणून.

काका दोन पोळ्या मुकाट्याने जेवले. मग म्हणाले, "तेल कुठलं घातलं?"

"ते खिडकीतलं."

"ते तारांचं आहे."

काम गेलं, असंच धरून चालले. काकांनी वाटी पुसून खाल्ली. "भाजी झकास झाली. माझी आई करायची अशी. पण उद्या मी तारांना काय शेंगदाण्याचं लावू?"

चाक बांधताना तारेचं टोक जवसाच्या तेलात बुडवायचं, मग ती तार रिंगेत कसायची. तेल हळूहळू वाळून चिकट होतं आणि तार सैल पडत नाही. नवीन कारीगर यासाठी बाटलीतला काहीबाही चिकटा लावतात, काकांना त्याचा तिटकारा. "आपल्या शेतात पिकतं ते सोडून विलायती डिंक कायले पाहिजे?" त्यांचं नागपूर असं मधूनच बाहेर यायचं. बाकी बोलणं अर्धं हिंदी.

तर तिथून सुरुवात झाली. भांडी झाली की दुपारी मी अर्धा तास थांबायची. काका म्हणाले, कढई घासता तसा हा हब घासा. हब म्हणजे चाकाचा मधला गड्डा, ज्याला तारा येऊन मिळतात; जुन्या हबात वर्षानुवर्षांचं काळं ग्रीस असतं, वाळून डांबरासारखं झालेलं. डिझेलमध्ये बुडवून ब्रशने घासायचं. आत छर्रे बसतात त्या वाटीवर खड्डे पडलेत का, हे डोळ्यांनी नाही, बोटाच्या नखाने बघायचं. छर्रा एक खराब असला तरी सगळे बदलायचे. मी विचारलं, बाकीचे चांगले आहेत ना? "एका खराबाबरोबर राहिलेत ना इतकी वर्षं? मग झिजलेच." मग छर्रे दाबून धरणारा नट, त्याला कोन म्हणतात, तो कसायचा, आणि कसला की केसभर मागे घ्यायचा. चाक हातात धरून सोडून द्यायचं. हवा भरायचा व्हॉल्व जरासा जड असतो, त्याच्या वजनाने चाक आपोआप फिरून व्हॉल्व खाली येऊन थांबला पाहिजे. वाटेत कुठे अडला तर पुन्हा उघडा. मी एकच हब सात वेळा उघडलेला आहे. सातव्या वेळी रडत उघडला.

त्यानंतर तारा. चाकाचा आऊट काढणं तर कुठल्याही पंक्चरवाल्याला येतं. चाक डुगडुगलं की इकडची तार कसायची, तिकडची सैल करायची. काकांना ते पुरायचं नाही. ते तारा वाजवायचे. बोटाने एकेक तार छेडत जायचे आणि मध्येच थांबून तोंड वाकडं करायचे, "ही बेसूर." चाक सरळ फिरत असलं तरी. सरळ असून बेसूर असलेलं चाक महिन्याभरात वाकडं होतं, हे त्यांचं म्हणणं. आणि ते खरं आहे, मी पुढे पुष्कळदा पाहिलं. मला तो सूर पहिल्या आठवड्यात कळला. त्यांना आश्चर्य वाटलं. मी म्हटलं, काका, आमच्याकडे मडकं घेताना वाजवून घेतात, तडा असला तर आवाजात येतो. काका म्हणाले, "तीस वर्षं इंजिनिअरांना हेच सांगत होतो मी."

मागच्या चाकात मात्र दोन सूर असतात. उजवीकडे दातेरी चक्र असतं, त्याला जागा लागते, म्हणून चाक मधोमध राहायला उजवीकडच्या तारा जास्त ताणाव्या लागतात. उजवीकडचा सूर चढा, डावीकडचा उतरलेला. मी म्हटलं, "हे तर संसारासारखं झालं. मधोमध दिसायला एकाच बाजूने ओढून धरायचं."

"संसाराचं मला विचारू नका. आमची डावी बाजू पुण्यात आहे."

आणि या माणसाची स्वतःची सायकल? एक जुनी रेसर, हिरवी, रंग उडालेली. तिचं मागचं चाक इतकं आऊट होतं की ब्रेकला घासून दर फेऱ्याला चिर्र चिर्र करायचं. तिच्यावर बसून टी. टी. नगरच्या बाजारात जायचे आणि वाटेत लोकांच्या चाकांना नावं ठेवायचे. मी एकदा बोलले. "कारीगराचं स्वतःचं चाक सरळ असलं तर समजा त्याच्याकडे काम नाही," म्हणाले. आळस होता, दुसरं काही नाही.

वर्ष-दीड वर्षात निम्मी चाकं मी बांधू लागले. ती चाकं जायची कुठे, तर होशंगाबाद रोडवरच्या एका काचेच्या सायकल दुकानात. तळ्याकाठी पहाटे सायकल मारणाऱ्या लोकांना जुन्या रेसर नव्या करून घ्यायचं वेड लागलंय, आणि त्यांची चाकं दुकान काकांकडे पाठवायचं. दुकानात काकांचं नाव कुठेच नव्हतं. त्याची काकांना पर्वा नव्हती. "चाकाला नाव नसतं," म्हणायचे. मला तेव्हा हे फार थोर वाटायचं.

मग त्या दुकानात कारीगर पाहिजे अशी पाटी लागली. मला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, रात्रंदिवस तेच डोक्यात. चार घरच्या पोळ्या सुटतील, तेवढंच नव्हतं ते. कोणी विचारलं काय करता, तर म्हणता आलं असतं, कारीगर आहे. मी आठवी सोडलेली. आठवीनंतरची शाळा पुढच्या गावात, आणि घरात चालती सायकल एक. दादा तिच्यावर जायचा. दुसऱ्या मोडक्या सायकलचं मागचं चाक वाकडं होऊन ती गोठ्यात पडली होती, ते नीट करायला कोणाला वेळ झाला नाही. बाबा म्हणाले, पोरगी घरी बसली तरी चालेल. आज मला माहीत आहे की ते चाक एका दुपारचं काम होतं. दोन-चार तारा आणि एक दुपार!

काका म्हणाले, मी येतो बरोबर. दुकानात मॅनेजरने छापील फॉर्म दिला, हिंदीतला. नाव, पता, उम्र भरलं. पुढचा रकाना होता शिक्षा. हिंदी मला पाचवीपासून होती, म्हणजे हे मला कळायला हवं होतं. पण काचेचं दुकान, थंडगार हवा, चकचकीत फरशीवर माझ्या चपलांचे ठसे. मी रकाना वाचला तो मराठीत. मला वाटलं चोरी-बिरीबद्दल विचारतात, दुकानात महागाच्या वस्तू आहेत, विचारणारच. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अभी तक नहीं हुई.'

मॅनेजरने ते मोठ्याने वाचलं. दोन गिऱ्हाईकं होती, तीही हसली. "मैडम, जेल नहीं पूछ रहे, स्कूल पूछ रहे हैं!" आणि मग डोळे पुसत, "दसवीं तो चाहिए ही। ऊपर से नियम है।"

मी खाली बघत होते. वर बघितलं तर त्याच्या मागच्या भिंतीवर चाकांची एक जोडी टांगलेली. त्या जोडीचा एकेक सूर मला पाठ होता, त्याच आठवड्यात बांधून दिली होती. तिला एक चिठ्ठी लावलेली, 'हमारी वर्कशॉप में हाथ से निर्मित.' जवळ गेले तर जवसाचा वाससुद्धा आला.

"ये मैंने बाँधा है," मी म्हटलं.

"आपने? आप तो अंकल के यहाँ खाना बनाती हैं न?" मॅनेजर काकांकडे वळला, जरा समजूत घातल्यासारखा. "अंकल, आप लाए हैं तो ना कैसे बोलें। साफ-सफाई पे रख लेते हैं। झाड़ू-पोंछा, सायकिलें चमकाना। बाद में देखेंगे। चलेगा?"

मी म्हटलं, "चलेगा।"

शब्द तोंडातून पूर्ण निघाला नसेल, तोवर काका भिंतीशी पोचले होते. स्टुलावर चढले. त्या वयात! मॅनेजर अंकल अंकल करतोय, गिऱ्हाईकं मोबाईल काढतायत, आणि काकांनी दोन्ही चाकं उतरवली. मग अस्सल भोपाळीत, "हमारी वर्कशॉप? को खाँ, तुम्हारी वर्कशॉप में मेरी रसोई कब से आ गई?" आणि माझा फॉर्म उचलून म्हणाले, "इसने सही लिखा है। शिक्षा तुम्हारी नहीं हुई!" चाकं गिऱ्हाइकाची होती, ती काउंटरवर ठेवली. चिठ्ठी मात्र फाडून खिशात घातली. आजपासून या दुकानाचं एकही चाक करणार नाही, असं सांगून बाहेर पडले. फॉर्मही घेऊन गेले. झाडूची नोकरीही गेली.

रस्त्यावर मी काकांवर जी तुटून पडले, तशी आयुष्यात कोणावर पडले नव्हते. लोक थांबून बघत होते. "तुमचं पेन्शन आहे! तुम्हाला परवडतं! मला झाडूच्या वाटेने आत तर जाऊ द्यायचं होतं. मी चालेल म्हटलं होतं ना? तोंड माझं, शब्द माझा. तुम्ही कोण?"

"चालेल काय चालेल! ती जोडी बांधणाऱ्या हाताने फरशी पुसायची?"

"मग इतके दिवस त्यांना कळवलं का नाही की ती मी बांधते? चाकाला नाव नसतं, हे नाव असलेल्या माणसाने म्हणावं! तुम्ही नाव टाकून दिलंत, कारण तुमच्याकडे ते होतं. माझ्याकडे कधी नव्हतंच. तुमच्या नावाबरोबर माझंही बुडवलंत तुम्ही."

काका हिरव्या सायकलवर बसले आणि चिर्र चिर्र करत गेले. मी पायी घरी आले. वाटेत कुठेतरी लक्षात आलं, की बाबांनी माझ्याबद्दल जे म्हटलं होतं तेच मी आज स्वतःबद्दल स्वतःच्या तोंडाने म्हटलं. बसली तरी चालेल. मला काकांचा राग होताच, आता माझाही आला. आठ दिवस मी त्यांच्याकडे गेले नाही. जेवणाचं काय करत असतील, हा विचार रोज यायचा आणि मी रोज तो परतवून लावायची.

नवव्या दिवशी काका आमच्या गल्लीत आले. कॅरिअरला चाक सरळ करायचा लोखंडी स्टँड बांधलेला. त्यांनी स्वतः जुन्या सायकलच्या, पुढचं चाक धरतो त्या चिमट्यापासून बनवलेला, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत असा. तो माझ्या दाराशी उतरवला. माफी वगैरे नाही. पिशवीतून एक चाक काढलं, त्याची रबरी पट्टी बाजूला केली. टायरच्या आत, तारांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून रिंगेवर असते ती पट्टी. तिच्याखाली पेन्सिलीने माझं पूर्ण नाव लिहिलेलं होतं, आडनावासकट. आणि पुढे, 'हिने बांधलं.'

"आता बुडणार नाही," काका म्हणाले. "पट्टी उघडणारा प्रत्येक कारीगर वाचेल."

माझा राग गेला नव्हता. "आत का? बाहेर का नाही?"

"बाहेरचं गिऱ्हाईक वाचतं. त्याला काय कळतं?"

"मला दोन्हीकडे पाहिजे."

काकांनी पट्टी परत रिंगेवर बसवली. "बरोबर आहे," म्हणाले. "आणि बाई, भाजी कोणीतरी करा हो. आठ दिवस मी पोहे खातोय."

माझ्या टपरीची पाटी त्यांनी स्वतः रंगवली. बाग सेवनियात, आमच्या खोलीपासून चार घरं सोडून. वर माझं नाव, खाली 'जुनी चाकं नवी बांधून मिळतील', मराठीत. मी म्हटलं, अहो इथे मराठी वाचणार कोण? मग खाली हिंदीतही लिहिलं. सुरुवातीला लोक यायचे आणि विचारायचे, "भैया कहाँ हैं?" भैया नाहीत, मीच आहे, हे मी किती वेळा सांगितलं असेल! अजूनही सांगते. पुढे कधीतरी काचेच्या दुकानाचा तो मॅनेजर स्वतः चाक घेऊन आला. ओशाळलेला नव्हता, हे लिहून ठेवते. "मैडम, थोड़ा आउट है, बस चलने लायक कर दीजिए।"

"चलने लायक यहाँ नहीं होता," मी म्हटलं. "ठीक होता है। बिल पे कारीगर का नाम लिखना पड़ेगा।"

लिहिलं त्याने.

काकांच्या डोळ्यांना पुढे तार दिसेनाशी झाली. ऑपरेशन झालं, पण छर्रा आणि मोहरी यांतला फरक बोटाने कळण्याइतके हातही उरले नव्हते. मुलगी येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली. चाकं गेली नाहीत, काकाच गेले, म्हणजे काकूंची अट उलटीच पूर्ण झाली. निघताना हिरवी सायकल माझ्या टपरीला टेकवली. "हिचं काही करू नका. चालते ती."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनाही कळलं, कोणता शब्द तोंडातून गेला ते. रिक्षात बसेपर्यंत दोघेही हसत होतो, आणि त्यांची मुलगी वैतागली होती.

ती सायकल आता टपरीच्या मागे उलटी टांगलेली आहे. हब दोन्ही उघडून झाले, वाट्या चांगल्या निघाल्या. पुढची रिंग ठीक आहे. मागची तडकलेली, आणि त्या मापाची छत्तीस भोकांची रिंग आता बनत नाही. मी भंगारवाल्यांना सांगून ठेवलंय, रविवारी जुन्या बाजारात फिरते. एकदा मिळाली, ती वाजवून बघितली, सोडून दिली. दुकानदार म्हणाला, "ले लो दीदी, चल जाएगी।" काय उत्तर दिलं ते लिहीत नाही.

रिंग मिळेल तेव्हा मिळेल. दोन्ही चाकं बांधीन, तारा जवसाच्या तेलात बुडवून, उजवीकडचा सूर चढा आणि डावीकडचा उतरलेला. मग सायकल गाडीत घालून स्वतः पुण्याला नेईन, काकूंची बोलणी खाईन, आणि काकांना म्हणेन, कान लावा. ते ऐकतील, एखादी तार बेसूर काढतीलच. काढोत. पट्टी उघडायला लावीन. बोटांना छर्रा कळत नसेल, डोळ्यांना अक्षर दिसत नसेल, तर मीच वाचून दाखवीन. पट्टीखाली माझं नाव असेल, आणि त्या फॉर्मवरचा रकाना असेल, तसाच आखलेला. शिक्षा. त्याच्यापुढे मी लिहिणार आहे, 'झाली. अवधपुरीत, काकांच्या हातून.'